टीएसएच नॉर्मल आहे, मग डोळ्यांचा त्रास थायरॉईडचा नाहीच?

"थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल आला की डोळ्यांची काळजी मिटली" असा फॉरवर्ड बऱ्याच वर्षांपासून फिरतोय. वाटणं साहजिक आहे, पण तसं नाहीये.

टीएसएच टेस्ट, म्हणजे थायरॉईडची नेहमीची रक्ततपासणी, अप्रत्यक्षपणे सांगते की थायरॉईड ग्रंथी हार्मोन किती बनवतेय. डोळ्यांचा प्रॉब्लेम मात्र बहुतेक वेळा हार्मोनमुळे नाही, अँटीबॉडीजमुळे (प्रतिकारशक्तीने चुकून स्वतःच्याच शरीराविरुद्ध बनवलेल्या प्रथिनांमुळे) होतो, म्हणजे ज्या अँटीबॉडीज थायरॉईडवर जातात त्याच डोळ्यामागच्या चरबीवर आणि स्नायूंवर पण जातात, तिथे सूज येते, आणि मागे-बाजूला सगळं हाडच असल्यामुळे डोळ्याचा गोळा पुढे ढकलला जातो, दुसरीकडे जाणार कुठे! म्हणून गोळ्यांनी टीएसएच जागेवर आला तरी डोळे तसेच राहू शकतात, आणि कधीकधी तर डोळ्यांचा त्रास आधी, थायरॉईड नंतर असंही होतं. हायपरमध्ये (थायरॉईड जास्त काम करतं तेव्हा) जास्त दिसतं, पण हायपोवाल्यांनाही (थायरॉईड कमी काम करतं त्यांना) होऊ शकतं.

घरी बघायचं तर आरशात सरळ बघा. वरची पापणी साधारणपणे काळ्या भागाची वरची कड थोडी झाकते, तिथे पांढरं दिसत असेल तर दोन-तीन वर्षांपूर्वीचा फोटो काढून शेजारी धरा. फरक वाटला तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडीची टेस्ट (त्याच अँटीबॉडीज रक्तात आहेत का ते बघणारी) करायची का ते विचारा.

एकाचे दोन दिसणं, रंग फिके वाटणं, नजर कमी होणं, यात थांबू नका, त्याच दिवशी जा. आणि सिगरेट ओढत असाल तर ती आधी सोडा, तिने हा त्रास खरंच वाढतो.