जुन्या कुलपाची खोड

"किल्ली आधी किंचित बाहेर ओढ, मग वर उचलून फिरव." जुन्या दाराची किल्ली नव्या माणसाच्या हाती देताना हा मंत्रही सोबत द्यावा लागतो. घरच्यांच्या अंगवळणी पडलेल्या या दोन हालचालींत कुलपाच्या पोटात काय बिघडलंय, त्याचं बरंचसं निदान असतं.

दारांना सर्रास दिसणारं पिनांचं कुलूप लायनस येल (ज्युनियर) या अमेरिकी संशोधकाने १८६० च्या दशकात आजच्या रूपाला आणलं. किल्ली जिच्यात शिरते ती पितळी नळी एका कवचात फिरते. दोघांना आरपार छेदणारी पाच-सहा भोकं असतात. प्रत्येकात एकावर एक दोन पिना आणि डोक्यावर स्प्रिंग. वरची पिन नळी आणि कवच या दोहोंत अडकून राहते, म्हणून नळी फिरत नाही. किल्लीच्या खाचा प्रत्येक जोडी इतकीच उचलतात की दोन पिनांमधला सांधा बरोबर नळीच्या कडेला येतो. एका खाचेची पायरी असते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास.

पाच पिना आणि प्रत्येकीच्या सहा उंची धरल्या, तर ७,७७६ वेगवेगळ्या किल्ल्या होतात. मग किल्लीवाचून कुलूप उघडतंच कसं? कारण कुठल्याही यंत्राने पाडलेली भोकं तंतोतंत एका रेषेत येत नाहीत. नळीला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, आधी एखादीच अडकते. ती बारीक तारेने उचलून जागेवर बसवली की पुढची. म्हणजे गुणाकाराचं कोडं बेरजेचं होऊन जातं. १८५१ मध्ये लंडनमध्ये आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकी कुलूपकाराने ब्रामा या कंपनीचं, 'उघडून दाखवा' असं जाहीर आव्हान देणारं प्रसिद्ध कुलूप उघडलं. त्याची रचना वेगळी होती, पण तिथेही पीळ देऊन चाचपण्याचीच युक्ती चालली. त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. कारागिरी जितकी काटेकोर, तितका चाचपणाऱ्याचा घाम जास्त.

वय नेमकं या काटेकोरपणालाच खातं. खनिजांच्या काठिण्याच्या मोह मापनावर पितळ ३ च्या आसपास आहे, तर धुळीतल्या वाळूच्या कणांतलं क्वार्ट्झ ७ वर. किल्लीसोबत आत गेलेली धूळ दर फेरीला पॉलिश पेपरचं काम करते. भोकांच्या धारदार कडा गोलावतात, नळी आणि कवच यांच्यातली फट वाढते. नळी सैल झाली की पीळ देताच ती जरा जास्त सरकते आणि बसलेल्या पिनेला टेकायला रुंद कट्टा मिळतो. उंची थोडी चुकली तरी चालून जातं. जुन्या धाटणीच्या मोटारींच्या कुलपांत पिनांऐवजी पातळ पत्रे असतात, त्यांत तर हे इतकं वाढतं की कधीकधी चालू गाडीतून किल्ली सहज बाहेर येते.

पण जुनं म्हणजे सोपं, असा सरळ हिशेब नाही. वर्षानुवर्षं तेल पाजलेल्या कुलपात तेल आणि धुळीचा चिकट लगदा साचतो. दमलेली स्प्रिंग पिनेला खाली ढकलू शकत नाही, पिन वरच लोंबकळते. गोलावलेल्या कडांमुळे पिन बसल्याची बारीकशी 'टिक' बोथट होते. छंद म्हणून कुलपं उघडणारे लोक असल्या कुलपांवर वैतागतात. ती मालकालाही दाद देत नाहीत, हा भाग वेगळा.

मालकाला झीज कळते मात्र सगळ्यात शेवटी, कारण किल्लीही सोबतीने झिजत असते. किल्लीचे उंचवटे बसतात, पिनांची टोकं आखूड होतात. दोन्हींचा परिणाम एकाच दिशेला, उचल कमी पडते. पिना वरच्या बाजूला असलेल्या कुलपात ही कमी आपला हात किल्ली वर उचलून भरून काढतो. आणि बाहेर ओढणं? किल्लीला आत थांबवणारा खांदा झिजला की ती जरुरीपेक्षा खोल जाते, खाचा पिनांच्या पुढे सरकतात.

अशा किल्लीवरून दुसरी बनवली तर नकलेत झीजही उतरते, वर नकलेची स्वतःची चूक मिळते ती निराळी. किल्ली मूळ क्रमांकावरून, म्हणजे कारखान्याने ठरवलेल्या खाचांच्या मापावरून, कापून घ्यावी आणि पिनाही बदलून घ्याव्यात. मग किल्ली सरळ फिरते, पण घरच्यांचा हात पुढचे कित्येक दिवस ती आधी ओढतो, मग उचलतो.