सांडपाण्याचा खर्च म्हणजे ऑक्सिजनचा खर्च

सोसायटीच्या वार्षिक सभेत एसटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा, विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘तिथे घाण गाळूनच तर काढायची असते, त्याला एवढी वीज कशाला?’ हे एक. ‘बिनविजेचं तंत्रज्ञान आलंय, बिल्डरने मुद्दाम महागडं गळ्यात मारलं’ हे दुसरं. दोन्हींच्या मुळाशी गैरसमज एकच आहे: सांडपाण्यातली घाण गाळून निघते.

घरगुती सांडपाण्यात 99.9 टक्के पाणीच असतं. उरलेल्यातला मोठा हिस्सा विरघळलेला, नाहीतर इतका बारीक की साधी जाळी त्याला अडवू शकत नाही. साबण, लघवी, खरकट्यातलं पिष्ट, तेलाचे सूक्ष्म थेंब. हा ऐवज जिवाणूंना खाऊ घालावा लागतो. जिवाणू खातात, वाढतात, एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. ते तळाशी बसले की वर नितळ पाणी उरतं. या खाण्याला ऑक्सिजन लागतो. म्हणून सांडपाण्याची कुठलीही पद्धत समोर आली की मी आधी विचारतो, ऑक्सिजन कोण आणणार? त्याचं उत्तर कळलं की जागा किती लागेल, वीज किती, वास किती आणि गाळ किती, याचा अंदाज बराचसा बसतो.

आकड्यांत बघू. 200 फ्लॅटची सोसायटी, साधारण 900 माणसं. माणशी रोज 135 लिटर पाणी धरायचं आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी होतं असं मानायचं, हा आपल्याकडचा रूढ हिशेब. म्हणजे रोज जवळपास 1 लाख लिटर. त्याची बीओडी, म्हणजे जिवाणूंना ती घाण पचवायला लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे 250 मिलिग्रॅम धरली तर दिवसाला 25 किलो. जिवाणूंच्या स्वतःच्या श्वसनासकट 30 किलो म्हणा. शिवाय लघवीतून आलेला अमोनिया असतो. त्याचं नायट्रेट करायला 1 किलो नायट्रोजनमागे 4.57 किलो ऑक्सिजन लागतो. लिटरला 40 मिलिग्रॅम नायट्रोजन धरला तर आणखी 18 किलो. एकूण 48 किलो.

आता उन्हाळ्यातल्या 30 अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन मावतो किती? लिटरला फक्त साडेसात मिलिग्रॅम. 1 लाख लिटरमध्ये पाऊण किलो! गरज 48 किलोंची आणि पाण्याच्या पोटात जागा पाऊण किलोची. म्हणजे टाकीतला ऑक्सिजन दिवसातून साठपेक्षा जास्त वेळा संपणार आणि तितक्याच वेळा पुन्हा भरावा लागणार.

तो आपोआप का शिरत नाही? हवा तर पाण्याला लागूनच आहे. कारण स्थिर पाण्यात ऑक्सिजनचा रेणू फार रेंगाळतो. एक सेंटिमीटर आत झिरपायला त्याला सहा-सात तास लागतात. आणि अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट होतो, त्यामुळे एक मीटर खोल जायला सात-आठ वर्षं! म्हणून पाणी ढवळायचं, नाहीतर हवेचे बुडबुडे तळापर्यंत न्यायचे. त्यातही बुडबुड्याचा आकार कळीचा. एक लिटर हवा 2 सेंटिमीटरच्या बुडबुड्यांत वाटली तर हवा आणि पाणी यांच्यात 0.3 चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. तीच हवा 2 मिलिमीटरच्या बुडबुड्यांत वाटली तर 3 चौरस मीटर. शिवाय लहान बुडबुडा सावकाश वर येतो, त्याला ऑक्सिजन द्यायला वेळही जास्त मिळतो. एरेशन टाकीच्या, म्हणजे हवा सोडायच्या टाकीच्या, तळाशी बारीक छिद्रांचे रबरी डिफ्युझर बसवतात ते एवढ्यासाठीच. ते तुंबले, फाटले की वर पाणी खदखदताना दिसतं, बघणाऱ्याला वाटतं जोरात काम चाललंय. पण मोठमोठे बुडबुडे बहुतेक ऑक्सिजन पोटात तसाच ठेवून हवेत परततात. आपल्या आंघोळीचा आणि कपड्यांचा साबणही आडवा येतो. त्याचे रेणू बुडबुड्याभोवती पातळ थर धरतात आणि स्वच्छ पाण्याच्या तुलनेत ऑक्सिजन शिरण्याचा वेग निम्म्यावर येऊ शकतो. विजेच्या एका युनिटमध्ये प्रत्यक्ष किलो-सव्वा किलो ऑक्सिजन विरघळला तरी गोष्ट बरी चालली म्हणायची. म्हणजे आपल्या सोसायटीला नुसत्या हवेपायी रोज 40 ते 50 युनिट.

जिवाणूंचं हे काम शहराला परवडण्याइतकं वेगवान झालं 1914 मध्ये, इंग्लंडमधल्या मँचेस्टरला. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोघे सांडपाण्यात हवा सोडून पाहत होते. पहिल्या खेपेला अमोनिया संपायला जवळपास पाच आठवडे लागले. असं कोण करणार! पण त्यांनी खाली बसलेला गाळ फेकला नाही. वरचं पाणी काढून त्याच गाळावर नवं सांडपाणी ओतलं, पुन्हा हवा सोडली. विरजण राखून ठेवावं तसा तो गाळ राखत गेल्यावर पाच आठवड्यांचं काम एका दिवसाच्या आत होऊ लागलं. आजच्या एएसपी, एसबीआर आणि एमबीआर या तिन्ही पद्धती याच युक्तीवर चालतात. फरक जिवाणू राखायच्या रीतीत. एएसपीत गाळ दुसऱ्या टाकीत बसवून परत आणतात, एसबीआरमध्ये त्याच टाकीत आळीपाळीने हवा आणि निवळणं चालतं, एमबीआरमध्ये अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा, म्हणजे मेंब्रेन, त्यांना अडवतो. एमबीबीआरमध्ये ते प्लास्टिकच्या चकत्यांवर वाढतात. एमबीआरचं पाणी सर्वांत नितळ, जागाही सर्वांत कमी; पण मेंब्रेनवर साचलेला थर खरवडायला वेगळी हवा सोडावी लागते आणि काही वर्षांनी मेंब्रेन बदलण्याचा मोठा खर्च येतो. विकणारा हा आकडा पहिल्या दिवशी सांगत नाही, तो मागून घ्यावा.

रात्री ब्लोअर, म्हणजे हवा फुंकणारं यंत्र, बंद ठेवून बिल वाचवणाऱ्या कमिट्या आहेत. याचा फटका अमोनियावर जगणाऱ्या जिवाणूंना बसतो; ते फार हळू वाढतात. इतर जिवाणू काही तासांत दुप्पट होतात, यांना दिवस-दिवस लागतो. ते एकदा वाहून गेले की पुन्हा जम बसायला आठवडे जातात. ऑक्सिजन संपला की सल्फेटवर जगणाऱ्यांचं फावतं आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. बंदिस्त टाकीत हा वायू माणूस मारतो. गटारात किंवा टाकीत संरक्षणाशिवाय माणूस उतरवण्याला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. तरी माणसं उतरवली जातात आणि मरतात, याचा संताप यायलाच हवा. आपला प्लांट जिवंत आहे का, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. ऑपरेटरला एरेशन टाकीतलं पाणी लिटरभराच्या मापात घेऊन अर्धा तास स्थिर ठेवायला सांगा. तपकिरी गाळ तळाशी बसून वर स्वच्छ पाणी दिसलं आणि ओल्या मातीसारखा वास आला तर सगळं ठीक. काळं पाणी आणि कुबट वास म्हणजे हवा कमी पडतेय.

मग बिनविजेचं काय? ते असतं, पण तिथे ऑक्सिजनचं काम दुसरं कुणीतरी करतं किंवा ते काम अर्धवट सोडलेलं असतं. नेदरलँड्समध्ये विकसित झालेली यूएएसबी पद्धत ऑक्सिजन मागतच नाही. तिथले जिवाणू घाणीतला कार्बन मिथेन करून सोडून देतात. त्यातली बरीच ऊर्जा मिथेनबरोबर निघून जात असल्याने जिवाणूंच्या वाट्याला थोडी येते, ते कमी वाढतात आणि गाळही फार थोडा होतो. कानपूरच्या जाजमऊला 1989 मध्ये रोज 50 लाख लिटरचा असा प्रकल्प सुरू झाला. अडचण अशी की अमोनिया जसाच्या तसा राहतो, बाहेर पडणाऱ्या पाण्याला पुन्हा हवा द्यावीच लागते आणि घरगुती सांडपाणी पातळ असल्याने मिथेनचा बराच हिस्सा पाण्यातच विरघळून निसटतो.

तळ्यांमध्ये ऑक्सिजन शेवाळ आणतं, उन्हावर. वीज जवळपास शून्य, जागा मात्र रोजच्या दहा लाख लिटरला हेक्टरच्या घरात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागेत, 12,500 हेक्टरांवर, शहराचं सांडपाणी भेऱ्यांमधून, म्हणजे मासळीच्या तळ्यांमधून, मासे पोसतं. 2002 मध्ये तिला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पुण्यात एवढी जमीन आणायची कुठून? पण गायरान असलेल्या गावाने ब्लोअर विकत घेणं म्हणजे पैसा वाया घालवणं. तिथे तळं किंवा पाणवनस्पतींचा वाफाच योग्य.

आणि सांडपाणी शुद्ध करते म्हणून विकली जाणारी ती पावडर, ती ‘विशेष जिवाणूंची’ बाटली, नाल्यात ओतायचं ते एन्झाइम? एक ग्रॅम विष्ठेत काही हजार कोटी जिवाणू असतात. सांडपाण्यात वानवा जिवाणूंची नाही, ऑक्सिजनची आहे. बाटलीतून ऑक्सिजन येत नाही. नदी पवित्र असल्याने आपोआप शुद्ध होते, हेही याच जातीचं बोलणं. नदीला तिचा ऑक्सिजन मिळतो वाऱ्यातून, खडकांवरच्या खळाळातून आणि वनस्पतींकडून, आणि तो पुरतो तोवरच ती घाण पचवते.

आता पैसा. पंप धरून रोज 75 युनिट, 10 रुपये दराने 750. दोन ऑपरेटरांना महिना 15-15 हजार धरले तर दिवसाला 1,000. दुरुस्ती, क्लोरीन, गाळ उचलणं यांचे 500. सगळे मिळून सव्वादोन हजार, आणि लहान प्लांटात विजेपेक्षा पगार जड, हेही दिसलं. फ्लशला माणशी 45 लिटर लागतात, म्हणजे रोज 40 हजार लिटर, चार टँकर. तिथे हे शुद्ध केलेलं पाणी वापरायचं. टँकर 1,200 चा असेल तर 4,800 वाचले. पण महापालिकेचं पाणी स्वस्तात, मुबलक येत असेल तर सोसायटीच्या वहीत हा फायदा दिसतच नाही. तो खालच्या गावाच्या विहिरीत असतो, तिथल्या दवाखान्याच्या न झालेल्या खर्चात असतो. पैसे एक भरतो आणि लाभ दुसऱ्याला होतो, म्हणून ब्लोअर बंद होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालात हे देशाच्या पातळीवर दिसतं: रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी, उभारलेली क्षमता 31,841, प्रत्यक्ष शुद्ध होणारं 20,236. उभारलेल्या क्षमतेचा तिसरा हिस्सा निव्वळ पडून. पद्धत कुठली चांगली यावर भांडण्यापेक्षा हा तिसरा हिस्सा चालवणं स्वस्त आहे.

नागपूरने फायदा वहीत आणून दाखवला. भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं आणि महापालिकेला त्याचे पैसे मिळतात. 2016 च्या वीजदर धोरणात तर सांडपाणी प्रकल्पापासून 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना असं पाणी वापरण्याचं बंधनच घातलं आहे. वीज केंद्राने ते घेतलं की पेंच धरणावरचा तेवढा भार कमी होतो, आणि नागपूरकर पितात ते पाणी मुख्यतः पेंचचंच.