कॉपीराइट वेगळा, कुलूप वेगळं

अमळनेरला आमचं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. मागच्या पावसाळ्यात एक शिक्षिका आल्या. शाळेत कथाकथन स्पर्धा होती आणि साने गुरुजींच्या एका गोष्टीची दोन पानं त्यांना छापून हवी होती. पुस्तक फोनवर होतं, रीतसर पैसे भरून घेतलेलं. अ‍ॅपमध्ये प्रिंटचं बटण सापडेना. स्क्रीनशॉट काढला तर नुसती काळी पाटी आली. माझ्याकडचा पोरगा मशीनवरची नजरही न हलवता आमच्या अहिराणीत म्हणाला, "त्याले कॉपीराइट शे मॅडम, म्हनीसन प्रिंट येत नही."

मॅडमही इथल्याच. म्हणाल्या, "पैसा दिधात ना मी, मंग काबर नही?"

मी पोराला काही बोललो नाही, कारण पंधरा-वीस वर्षं मीसुद्धा गिऱ्हाइकांना हेच उत्तर देत आलो होतो. फाइल उघडली नाही, की कॉपीराइट. सीडीची कॉपी झाली नाही, की कॉपीराइट. बोलायला सोपं आहे आणि समोरचा गपगार होतो. पण त्या दिवशीचं उत्तर धडधडीत चुकीचं होतं.

साने गुरुजींनी आमच्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलं. 11 जून 1950 रोजी ते गेले. आपल्या देशात लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकावरचा कॉपीराइट लेखक जिवंत असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या आरंभापासून 60 वर्षं टिकतो. म्हणजे गुरुजींनी हयातीत छापलेल्या लेखनावरचा हक्क 2010 च्या अखेरीस संपला. 1 जानेवारी 2011 पासून ते लेखन तुमचं, माझं, त्या मॅडमचं आणि त्यांच्या वर्गातल्या पोरांचं झालं. कुणी नवी प्रस्तावना लिहिली, नवी चित्रं काढली, तर तेवढ्यावर त्याचा हक्क लागेल. गोष्टीवर नाही. तरी फोन प्रिंट देईना. मग अडवत कोण होतं?

अडवत होतं ते कुलूप. त्याला डीआरएम म्हणतात, पण नाव लक्षात ठेवायची गरज नाही. पुस्तक, गाणं, सिनेमा, सॉफ्टवेअर यांची फाइल विकणारा अशी गुंडाळून ठेवतो की ती त्याच्याच अ‍ॅपमध्ये, त्याच्याच अटींवर उघडते. किती उपकरणांवर चालेल, छापता येईल का, दुसऱ्याला देता येईल का, हे सगळं तो ठरवतो. हा कायदा नव्हे. हे दुकानदाराने बसवलेलं शटर आहे, आणि ते कॉपीराइट असलेल्या मालावरही बसतं, नसलेल्यावरही बसतं.

कॉपीराइट हा माणसांनी माणसांसाठी केलेला कायदा आहे. त्याला मुदत आहे, त्यात अपवाद आहेत, आणि पटलं नाही तर कोर्टात जाऊन भांडता येतं. 1957 च्या कायद्याचं 52 वं कलम म्हणजे नुसती अपवादांचीच यादी आहे. खासगी अभ्यासासाठी वाजवी वापर चालतो. शिकवण्याच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत चालते. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची खराब होण्याच्या भीतीने काढून ठेवलेली जादा प्रतही चालते.

आम्हा झेरॉक्सवाल्यांना यातला एक खटला पाठ असायला हवा, पण असतो कुणाला! दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज यांसारख्या बड्या प्रकाशकांनी दावा ठोकला. अभ्यासक्रमाला लागणारी प्रकरणं निरनिराळ्या पुस्तकांतून काढून त्यांचे गठ्ठे बांधून विकतो, असा आरोप. सप्टेंबर 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला सांगितले, पण शिकवण्यासाठी लागेल तेवढी प्रत काढता येते हे तत्त्व उचलून धरलं. पुढच्या वर्षी प्रकाशकांनीच माघार घेतली. एका बाजूला जगातले नामांकित प्रकाशक, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सचं दुकान, आणि न्यायाधीशाने दोघांचं ऐकून घेतलं. म्हणून कायद्याबद्दल माझी फार तक्रार नाही.

कुलूप मात्र कुणाचं ऐकत नाही. तुम्ही शिक्षिका आहात की चोर, हे त्याला ओळखता येत नाही. कॉपीराइट कधी संपला हेही त्याला माहीत नसतं. साठ वर्षं उलटली म्हणून ते आपोआप उघडत नाही.

माझ्यावर हे आलं ते कुलूप अगदी हातात धरता येईल असं होतं. मराठी टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर मी कर्ज काढून घेतलं, सीडी आणि डोंगलसह. ज्यांनी त्या काळात डीटीपी केलं त्यांना सांगायला नको. काड्यापेटीएवढा 25 पिनांचा ठोकळा, कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात बसायचा आणि प्रिंटरची वायर त्याच्या पाठीत. तो असेल तर सॉफ्टवेअर चालू, नसेल तर बंद. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा आठवडा, लग्नसराई ऐन भरात, टेबलावर अकरा पत्रिका पडलेल्या. संध्याकाळी वादळ झालं, लाइट गेली, आली, परत गेली. परत आली तेव्हा कॉम्प्युटर सुरू झाला, पण डोंगल मेला होता.

आता हिशोब बघा. बिल माझ्याकडे, परवान्याचा कागद फायलीत, मूळ सीडी कपाटात, तिची कायद्याने चालणारी जादा प्रतही कपाटात. कायद्याच्या नजरेत मी शंभर टक्के साफ. आणि पडद्यावर एकच ओळ: लॉक सापडलं नाही. कंपनीने सांगितलं, जुना डोंगल पाठवा, तपासू, मग नवा पाठवू. वरात तेवढी थांबते होय? शेवटी गल्लीतल्या दुसऱ्या प्रेसवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे तेच सॉफ्टवेअर होतं, फोडलेलं, बिनाडोंगलचं, बिनापैशाचं. त्याच्या मशीनवर रात्री दोनपर्यंत बसून मी पत्रिका लावल्या. तो शेजारी चहा पीत बसला होता आणि मधूनमधून नुसता हसत होता. एक शब्द बोलला नाही.

चोरी त्याने केली, कुलूप लागलं मला. या विषयावरचं माझं मत त्या रात्रीचं आहे आणि अजून बदललेलं नाही.

याची उलटी बाजू पण सांगायला हवी, नाहीतर कुलूप नाही तिथे सगळं मोकळं असा अर्थ निघायचा. साधे कीपॅडचे फोन असताना स्टँडजवळच्या मोबाइल दुकानांत पाटी असायची, 'गाणी भरून मिळतील'. मेमरी कार्ड द्यायचं, वीस-पन्नास रुपये द्यायचे, अर्ध्या तासात हिंदी, मराठी, अहिराणी, भजनं, सगळं खचाखच भरून मिळायचं. त्या फायलींना कसलं कुलूप नव्हतं. कॉपीराइट मात्र पुरेपूर होता. आमच्याकडे एक अहिराणी गाणारे भिडू कार्यक्रमाचं पोस्टर करायला यायचे. एकदा समोरच्या टपरीवर त्यांचंच गाणं वाजत होतं. ते थोडा वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "वाजस ते बेस वाजस, पन पैसा कोन्ही देत नही." कार्ड भरून देणाऱ्याला कुणी अडवलं नाही, कारण फाइलने अडवलं नाही. कायदा तिथे होताच, फक्त फाइलवर दिसत नव्हता.

आपल्याला सवय लागलीय ती अशी: यंत्राने नाही म्हटलं की बेकायदा, यंत्राने हो म्हटलं की कायदेशीर. दोन्ही खोटं.

डीव्हीडीचं आठवतं का? सगळ्या जगाचे विभाग पाडले होते, अमेरिका 1, आपण 5. अमेरिकेतून भाच्याने आणलेली अस्सल, पैसे मोजून घेतलेली डीव्हीडी आपल्याकडच्या प्लेअरवर चालायची नाही. घरी बसून ती बघण्यात कुठल्या लेखकाचा, गायकाचा हक्क बुडत होता? कंपन्यांना प्रत्येक विभागात वेगळ्या वेळी, वेगळ्या भावाने विकायचं होतं, एवढंच. आणि रस्त्यावर तीस रुपयांना मिळणारी नकली डीव्हीडी कुठल्याही प्लेअरवर बिनबोभाट चालायची.

आता प्रश्न येतो, कुलूप उघडलं तर गुन्हा का? इथे आपला कायदा अमेरिकेपेक्षा शहाणा आहे असं मी म्हणेन. अमेरिकेत 1998 च्या कायद्याने कुलूप फोडणं हेच मुळात बेकायदा ठरवलं, मग आत शिरून तुम्ही काही चोरा अथवा न चोरा. त्यामुळे दर तीन वर्षांनी तिथे अपवादांची यादी निघते. 2015 मध्ये त्या यादीत चक्क ट्रॅक्टर आले: मालकाला स्वतःच्या ट्रॅक्टरच्या सॉफ्टवेअरचं कुलूप दुरुस्तीसाठी उघडायला परवानगी. आमच्याकडे चोपड्याच्या नाहीतर रावेरच्या शेतकऱ्याला सांगा की ट्रॅक्टर दुरुस्त करायला कॉपीराइटच्या कार्यालयाची परवानगी लागते. तो आधी हसेल, मग तुमच्या डोक्याची चौकशी करेल.

आपल्याकडे 2012 च्या दुरुस्तीने 65अ हे कलम आलं. त्यात शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण ती 'हक्क बुडवण्याच्या हेतूने' कुलूप फोडणाऱ्याला. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी उघडलं तर ते कलम लागत नाही. हेतू बघितला जातो, हे महत्त्वाचं. त्याच कलमात एक गमतीची अट आहे: अशा चांगल्या कामासाठी दुसऱ्याला कुलूप उघडून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि उघडण्याचं कारण यांची नोंद ठेवायची. म्हणजे किल्ली बनवणाऱ्याने वही ठेवावी तसं.

पण कायदा शहाणा असून अर्धंच काम होतं. कायदा म्हणतो उघडायला हरकत नाही. किल्ली मात्र तो देत नाही. अंध वाचकांचं बघा. त्यांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक करून घेण्याची मुभा आपल्या कायद्यात 2012 पासून आहे, आणि त्याच विषयावरचा माराकेश करार मंजूर करणारा जगातला पहिला देश भारत, जून 2014 मध्ये. पण कुलूपबंद पुस्तकाच्या अ‍ॅपने मोठ्याने वाचून दाखवायची सोय ठेवलीच नसेल, तर तो करार काय वाचून दाखवणार?

कुलूप सगळीकडे वाईटच, असंही माझं म्हणणं नाही. महिन्याचे पैसे भरून सिनेमे बघतो तिथे कुलूप असणारच. भाड्याची सायकल संध्याकाळी परत करायची असते, तिला मालकाचं कुलूप असलं तर तक्रार कसली? माझा राग आहे तो 'विकत घ्या' असं लिहून भाड्याने देणाऱ्यावर. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं उघडायची बंद झाली. पैसे परत दिले, हे मान्य. पण कागदाचं पुस्तक विकणारा दुकान बंद करताना घरी येऊन कपाटातली पुस्तकं घेऊन जात नाही, मग पैसे परत देण्याची गोष्टच कशाला. कॅलिफोर्नियात 2025 पासून कायदाच आला: अशा मालावर 'खरेदी' लिहायचं असेल तर हा फक्त परवाना आहे हे ठळक सांगा. आपल्याकडेही तेवढं झालं तरी पुष्कळ.

गाण्यांच्या बाबतीत तर कुलूप काढूनही धंदा चालतो हे दिसलंय. ॲपलने 2009 मध्ये आयट्यून्सवरच्या गाण्यांची कुलपं काढली. कॉपीराइट होता तसाच राहिला आणि दुकानही पुढे चालू राहिलं. काही प्रकाशक ई-पुस्तकाला कुलूप न लावता प्रत्येक प्रतीवर घेणाऱ्याचं नाव छापतात. मला हा मार्ग पटतो. माझं नाव असलेली प्रत मी गावभर वाटणार नाही, पण दोन पानं छापायची तर कुणाच्या पाया पडायला नको.

मॅडमचं काम झालं ते असं. मी त्यांना म्हटलं, शाळेच्या ग्रंथालयात गुरुजींचं जुनं पुस्तक असेलच. त्या दुपारी परत आल्या, पिवळी पडलेली, कडेला वाळवीने खाल्लेली प्रत घेऊन. काचेवर पालथी घातली, दोन पानं निघाली, चार रुपये झाले. पोरगं म्हणालं, "आते कॉपीराइट काय व्हयना मग?" मी त्याला 2011 चा हिशोब सांगितला, त्याने फारसा ऐकला नाही. पण परवा एक जण ओटीटीवरच्या सिनेमाचा स्क्रीनशॉट काळा का येतो म्हणून विचारत आला, तेव्हा आतून आवाज आला, "त्याले कुलूप शे भो."

मग जरा थांबून, "कॉपीराइट बी शे. पन ते येगळं."