समलिंगी, पारलिंगी विद्यार्थ्यांनी कॉलेजातल्या छळाची तक्रार कुठे आणि कशी करायची

तक्रार द्यायला गेलं की आधी 'मी गे आहे' हे सांगावं लागेल, मग ते सगळीकडे होईल आणि शेवटी घरी कळेल. या एका भीतीपायी कितीतरी मुलंमुली गप्प राहतात. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते: रॅगिंगच्या तक्रारीत स्वतःची लैंगिक ओळख जाहीर करण्याची अट नाही, सिद्ध करण्याची तर नाहीच.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, रॅगिंगविरोधी नियम २००९ चे. २०१६ मध्ये त्यांत तिसरी दुरुस्ती झाली आणि रॅगिंगच्या व्याख्येत रंग, धर्म, जात, भाषा यांच्याबरोबर लिंग (त्यात पारलिंगी, म्हणजे ट्रान्सजेंडर, आले) आणि लैंगिक कल ही कारणंही आली. या कारणांवरून एखाद्या विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक त्रास देणं, त्याच्यावर दादागिरी करणं, त्याला वाळीत टाकणं हे सगळं रॅगिंगच. त्रास कशावरून दिला, हा इथे प्रश्न आहे. तुम्ही नक्की कोण आहात, हा नाही. 'बायल्या' म्हणून ज्याच्या मागे लागतात, त्याला स्वतःबद्दल अजून काही उमगलेलं नसलं तरी तक्रार तितकीच खरी. पारलिंगी विद्यार्थ्यांकडे जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र नसेल, तरी या तक्रारीचं काही अडत नाही.

पहिल्या वर्षाचेच विद्यार्थी तक्रार करू शकतात हा गैरसमज आहे. व्याख्येत नवा असो वा जुना, कुठलाही विद्यार्थी येतो. महाराष्ट्राचा स्वतःचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा आहे. त्यात विद्यार्थी, आईवडील किंवा पालक, आणि शिक्षकही तक्रार करू शकतात. तुमची बाजू घेणाऱ्या एखाद्या मॅडम असतील तर त्यांना हे जरूर सांगा. हा कायदा कॉलेजच्या आवाराबाहेरच्या रॅगिंगलाही लागू आहे, त्यामुळे भाड्याच्या खोलीवर येऊन वर्गमित्रांनी छळलं तरी चालतो. घरमालकाने खोली सोडायला लावली तर मात्र या वाटेचा उपयोग नाही.

अर्ज कुणाकडे द्यायचा, हे झालं त्यावरून ठरतं. टोमणे, मारहाण, बहिष्कार, हॉस्टेलमधली दमदाटी असेल तर प्राचार्यांच्या नावे अर्ज, आणि प्रत कॉलेजच्या अँटी-रॅगिंग समितीला. अंगाला हात लावणं, कपडे उतरवायला लावणं, लैंगिक मागणी असं काही असेल तर अंतर्गत तक्रार समितीकडेही जा. ही समिती फक्त मुलींसाठी असते असं कॉलेजातले लोकसुद्धा छातीठोकपणे सांगतात. ते चूक आहे. यूजीसीच्या २०१५ च्या लैंगिक छळविरोधी नियमांत मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थी यांचा उल्लेख आहे. तिथे घटनेपासून ३ महिन्यांत लेखी अर्ज द्यावा लागतो. प्रकार वारंवार घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं.

अर्जाला ठरावीक नमुना लागत नाही. साध्या कागदावर नाव, वर्ग, तारीख, वेळ, जागा, कोण होतं, काय बोललं, काय केलं, कुणी पाहिलं एवढं लिहा. शिव्या सौम्य करू नका. 'अपशब्द वापरले' असं लिहिलेल्या अर्जाचं चौकशीत काही उरत नाही. जो शब्द वापरला तोच लिहा. कारणासाठी एक वाक्य पुरतं: 'मी समलिंगी आहे असे समजून मला हा त्रास दिला जात आहे.' या वाक्यात तुम्ही स्वतःबद्दल काहीही कबूल केलेलं नाही, आणि नियमातलं कारण मात्र नोंदलं गेलं. सोबत कॉलेजच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणि असतील ते पुरावे जोडा.

पुराव्याचं जरा नीट सांगते. माझ्याकडे अर्ज लिहायला आलेल्या एका मुलाच्या हॉस्टेलच्या दारावर नेलपॉलिशने 'छक्का' लिहिलं होतं. त्याने लाजेपोटी अर्धी रात्र जागून ते घासून काढलं आणि सकाळी माझ्याकडे आला तेव्हा बोटांना अजून गुलाबी डाग होते. दारावर मात्र काही शिल्लक नव्हतं. पुसण्याआधी फोटो काढा. त्यात दार आणि खोली नंबर दोन्ही दिसू द्या. व्हॉट्सॲप ग्रुपमधून रागाने बाहेर पडण्याआधी मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे, आणि मूळ चॅट डिलीट करू नका.

अर्ज दोन प्रतींत न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. 'ठेवून जा, सरांना दाखवतो' याला मान डोलावून परत येऊ नका, कारण राज्याच्या कायद्यातली मुदत लेखी तक्रार मिळाल्यापासून सुरू होते. प्राचार्यांनी ७ दिवसांत चौकशी करायची, सकृद्दर्शनी तथ्य आढळलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवायची. ही शेवटची पायरी तुमच्या इच्छेवर अवलंबून नाही, तेव्हा अर्जाआधीच तिची मनाशी तयारी असू द्या. दोषी ठरल्यास २ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रार दाबून बसणाऱ्या संस्थाप्रमुखाने रॅगिंगला साथ दिली असं हाच कायदा मानतो. स्मरणपत्रात हे शब्द लिहायला अजिबात बिचकू नका.

कॉलेजवर विश्वासच नसेल तर यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालू असते. तिथे नोंद झाली की तक्रार क्रमांक मागून घ्या. तक्रार पुढे कॉलेजकडेच जाते, पण आता ती वरून आलेली असते आणि गहाळ होऊ शकत नाही.

आणि घरचं. माहिती देणाऱ्याची ओळख जपायची, त्याला त्यापायी त्रास होऊ द्यायचा नाही, असं यूजीसीचे नियम सांगतात. तरी अर्जाच्या शेवटी वेगळ्या ओळीत लिहाच: 'मी सज्ञान आहे. माझ्या परवानगीशिवाय या प्रकरणाची माहिती माझ्या कुटुंबीयांना देऊ नये.' चौकशीला बोलावलं की पहिल्याच दिवशी ही ओळ त्यांना वाचून दाखवा. त्या आदल्या रात्री झोप लागली नाही, जीव घाबरा झाला, तर १४४१६ वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.