ब्लॅक बेल्ट मिळाला म्हणजे शिक्षण संपलं?

ब्लॅक बेल्ट मिळाला की तायक्वांदो शिकून झाला, हा समज बराच जुना आहे आणि साफ चुकीचा आहे. काळ्या पट्ट्यातही पायऱ्या असतात: पहिला दान ते नववा दान. कोरियातल्या कुक्कीवॉन या तायक्वांदोच्या जागतिक मुख्यालयाच्या नियमांनुसार पहिल्यावरून दुसऱ्या दानला जायला किमान १ वर्ष लागतं, पुढे तिसऱ्याला २, चौथ्याला ३. (१५ वर्षांखालच्या मुलांना दानऐवजी पूम मिळतो, पट्टा लाल-काळा.)

पहिल्या दानचा अर्थ एवढाच, की पवित्रा, ठोसा, अडवणं आणि मूळ किक अंगवळणी पडल्या; खरं शिकणं आता सुरू होतं. तेव्हा परीक्षेच्या तारखा मोजण्याऐवजी डोल्यो चागी (बाजूने गोलाकार फिरवून मारायची किक) दोन्ही पायांनी सारखीच बसते का, ते तपासा. बहुतेकांचा एक पाय कच्चाच असतो.