हॅश, रिकामी जागा, एन, तीन

काळ्या पडद्यावर चार चिन्हं उमटतात: हॅश, मग एक रिकामी जागा, मग इंग्रजी एन आणि शेवटी ३. थोडा वेळ शांतता. पुन्हा तीच चार. १९८०च्या दशकात मोठ्या संगणकाशी टेलिफोनच्या तारेवरून बोलणाऱ्यांना हे दृश्य नेहमीचं होतं. नवख्या माणसाला ती तारेवरची खरखर वाटायची. प्रत्यक्षात पलीकडचा संगणक सांगत असायचा, "पहिली चिठ्ठी अजून मिळाली नाही, पाठवा." हे सांगणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव कर्मिट. त्याचं काम एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर नेण्याचं, आणि चिठ्ठी म्हणजे त्या देवाणघेवाणीतला एकेक छोटा गठ्ठा.

विसरलेल्या सॉफ्टवेअरचा इतिहास शोधायला निघालं की माणूस आधी तारखा आणि कागदपत्रं धुंडाळतो. कर्मिटच्या बाबतीत मला ही चार चिन्हंच सगळ्यात चांगला पुरावा वाटतात. त्यातलं प्रत्येक चिन्ह तसंच का आहे, याचं उत्तर न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या, १९८१च्या संगणक खोलीत सापडतं.

तिथे तेव्हा दोन जातींची मोठी यंत्रं होती. एक डेक (डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन) कंपनीची डेकसिस्टिम-२०, दुसरा आयबीएमचा मेनफ्रेम. विद्यार्थी वाढत होते आणि सामायिक डिस्कवरची जागा महाग होती. स्वतःच्या फायली फ्लॉपीवर घेऊन जाता आल्या तर बरं, या गरजेतून सुपरब्रेन नावाचे छोटे संगणक आले. पण मोठ्या यंत्रातली फाइल छोट्यात न्यायची कशी? दोघांमध्ये समान गोष्ट एकच होती, टर्मिनल जोडायची साधी तार. त्या तारेवरून माणसाने टाइप करावं, ही अपेक्षा होती. फ्रँक दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी ठरवलं की मेनफ्रेमला माणूसच टाइप करतोय असं वाटू द्यायचं, आणि त्या टाइपिंगमधूनच फाइल पलीकडे न्यायची. एप्रिल १९८१ मध्ये पहिली फाइल गेली. नाव भिंतीवरच्या कॅलेंडरमुळे पडलं: त्यावर 'मपेट शो' या बाहुल्यांच्या कार्यक्रमातला कर्मिट बेडूक होता. बाहुलीच्या मालकांकडून पुढे रीतसर परवानगीही घेतली गेली.

आता ती चार चिन्हं. खरं तर ती पाच आहेत. हॅशच्या आधी कंट्रोल-ए हे न दिसणारं चिन्ह येतं, 'चिठ्ठी सुरू' अशी वर्दी देणारं. हॅश सांगतो की पुढे अजून तीन चिन्हं आहेत. आस्की, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या तक्त्यात हॅशचा क्रमांक ३५, त्यातून ३२ वजा केले की उरले ३. रिकाम्या जागेचा क्रमांक ३२, म्हणजे चिठ्ठीचा अनुक्रमांक शून्य. एन म्हणजे 'मिळाली नाही'. मिळाली असती तर तिथे वाय आला असता, रजिस्टर पोस्टाच्या पोचपावतीसारखा. शेवटचा ३ हा पडताळ्याचा अंक: आधीच्या तीन चिन्हांचे क्रमांक बेरजेत घेऊन, ती बेरीज आटवून काढलेला. ३५, ३२ आणि ७८ मिळून १४५. त्याला ६४ने भागलं की भागाकार २ आणि बाकी १७, दोन्ही मिळून १९; त्यात ३२ मिळवले की ५१, आणि ५१ क्रमांकावर '३' हे चिन्ह बसलेलं आहे. तारेवर एखादं चिन्ह बिघडलं की हा हिशेब जुळत नाही आणि चिठ्ठी पुन्हा मागवली जाते.

हे ३२ मिळवण्या-वजा करण्याचं झंझट कशासाठी? लांबी तीन आहे तर सरळ ३ क्रमांकाचं चिन्ह पाठवावं. पण आस्कीतली पहिली ३२ चिन्हं ही अक्षरं नव्हेत, हुकूम आहेत: घंटा वाजव, ओळ बदल, थांब. मेनफ्रेमच्या वाटेवरची यंत्रं असे हुकूम पुढे न पाठवता स्वतःच पाळून मोकळी व्हायची. म्हणून कर्मिटने नियम केला: सुरुवातीचं ते एक आणि ओळ संपवणारं चिन्ह सोडलं तर तारेवर फक्त छापता येणारी चिन्हं जातील. तशी चिन्हं ९५. लांबी एकाच चिन्हात सांगायची असल्याने ती जास्तीत जास्त ९४. कर्मिटच्या चिठ्ठ्या इतक्या लहान का, याचं उत्तर हे एवढंच आहे.

फाइलमध्येच हुकूमचिन्ह असेल तर त्याला वेष बदलून पाठवायचं: त्यात ६४ मिळवून अक्षर बनवायचं आणि त्याच्या आधी हॅश लावायचा. दुसरी अडचण आठव्या बिटची. बाइटमध्ये आठ बिट असतात, पण या तारांवर अनेकदा सातच बिट माहितीचे असत आणि आठवा चूक तपासण्यात खर्च होई. मग ज्या बाइटचा आठवा बिट चालू आहे, त्यातून १२८ वजा करून आधी 'अँड'चं चिन्ह (&) लावायचं. याची किंमत मोजावी लागे. सगळे बाइट सारख्या प्रमाणात मिसळलेली फाइल अशा वाटेने पाठवली तर ती सुमारे पावणेदोन पट फुगते.

आयबीएमच्या यंत्रात आणखी एक गुंता होता. त्याची वर्णमालाच वेगळी, एब्सिडिक. आस्कीत एनचा क्रमांक ७८, तिथे २१३. वाटेतलं यंत्र एका तक्त्याप्रमाणे अक्षरं बदलून द्यायचं, पण पडताळ्याची बेरीज काय, ती दोन्हीकडे वेगळी येणार. म्हणून मेनफ्रेमवरच्या कर्मिटला आलेली चिठ्ठी आधी मनातल्या मनात आस्कीत उलटवून मग बेरीज करावी लागे. शिवाय हा मेनफ्रेम एका वेळी एकच करायचा: बोलेल किंवा ऐकेल. 'आता ऐकतो' अशी खूण त्याने देण्याआधी पाठवलेली अक्षरं वाया जात. तेव्हा एक चिठ्ठी पाठवा, पोच येईपर्यंत थांबा, मग दुसरी, हीच शिस्त सोयीची होती.

कर्मिट संथ आहे, अशी त्याची कुप्रसिद्धी झाली ती यामुळे. ती मला अन्यायाची वाटते. वॉर्ड क्रिस्टेन्सनची १९७७ची एक्समोडेम पद्धत १२८ बाइटचे गठ्ठे पाठवायची, पण आठही बिट जसेच्या तसे पोचणारी तार तिला लागायची. कर्मिटला ती चैन नव्हती. पुढे त्यातही लांब चिठ्ठ्या आल्या, पोचेची वाट न पाहता ३१ चिठ्ठ्यांपर्यंत पुढे धाडायची सोय आली. लोकांच्या मनात मात्र जुनंच राहिलं.

माझी आवडती भानगड मात्र वेगळीच. नव्या संगणकावर कर्मिट आणायचा तर फाइल आणणारं काहीतरी हवं, आणि ते तर कर्मिटच! यावर तोडगा असा: मूळ प्रोग्रॅमचे दर तीन बाइट चार छापील अक्षरांत बांधून साधा मजकूर करायचा, आणि तो उलगडणारा छोटासा प्रोग्रॅम हाताने टाइप करून घ्यायचा. प्रोग्रॅमची मूळ संहिता कोलंबियाने खुली ठेवली. मॅग्नेटिक टेपचा आणि टपालाचा खर्च दिला की ती मिळे. जगभरच्या लोकांनी आपापल्या यंत्रांसाठी कर्मिट लिहिले आणि परत पाठवले. आयबीएम ३७० घराण्याचा कर्मिट डॅफ्नी त्झोर यांनी कोलंबियात सुरू केला आणि हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रातल्या जॉन चँडलर यांनी पुढे वर्षानुवर्षं सांभाळला.

एब्सिडिकशी झालेल्या झटापटीचा एक फायदा झाला. वर्णमाला बदलणं हे कर्मिटचं खास कौशल्य बनलं. १९८९ मध्ये मॉस्कोत कर्मिटवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. रशियन लिपीसाठीच परस्परांशी न जुळणारे अनेक तक्ते होते. उपाय साधा निघाला. प्रत्येक संगणकाने आपल्या तक्त्यातून एका ठरावीक प्रमाण तक्त्यात भाषांतर करायचं आणि पलीकडच्याने त्यातून आपल्या. समोरच्याचा तक्ता कोणता, हे कुणाला माहीत असायची गरजच नाही.

कोलंबियाने २०११ मध्ये प्रकल्प बंद केला आणि प्रोग्रॅम मुक्तस्रोत परवान्याखाली दिला. पण त्याआधी कर्मिटच्या मंडळींनी युनिकोडचे, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच सामाईक तक्त्याचे, नमुने म्हणून एकच विचित्र वाक्य कितीतरी भाषांत गोळा केलं होतं. त्यात मराठीही आहे: "मी काच खाऊ शकतो, मला ते दुखत नाही."

यातला एक 'क' १९८१च्या त्या सात बिटांच्या तारेवर टाकून पाहू. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत त्याचे तीन बाइट होतात: २२४, १६४, १४९. तिन्हींचा आठवा बिट चालू, म्हणून तिन्हींच्या आधी 'अँड'. २२४ मधून १२८ गेले, ९६ उरले: उलटं अवतरणचिन्ह. १६४चे झाले ३६: डॉलर. १४९चे झाले २१, आणि ते निघालं हुकूमचिन्ह, म्हणून त्याला हॅश लावून ६४ मिळवायचे: ८५, म्हणजे यू. अँड, उलटं अवतरण, अँड, डॉलर, अँड, हॅश, यू. सात छापील चिन्हं, आणि पलीकडे पुन्हा 'क'.