पिल्लू कुंथतंय, पण नेमकं काय अडलंय?

मांजराचं पिल्लू ट्रेमध्ये जातं, माती उकरतं, पाठ वर काढून बसतं, कुंथतं आणि काहीच न करता बाहेर येतं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. घरात लगेच निदान होतं, ‘याचं पोट साफ होत नाहीये.’ तसं असेलही. पण शू अडलेलं मांजरसुद्धा हुबेहूब असंच बसतं, म्हणून औषधाचा विचार करण्याआधी ट्रे बघा. लिटरमध्ये, म्हणजे ट्रेतल्या मातीत, शूनं झालेली ओली ढेकळं आहेत का? विशेषतः वयात आलेल्या बोक्याच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. त्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. त्यात बारीक खडे किंवा चिकट साका अडकला की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि हृदयाची लय बिघडते. एक-दोन दिवसांत मांजर दगावू शकतं. शू होत नसेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

शू नीट होतेय आणि शीच होत नाहीये, अशी खात्री पटली की पुढे जाऊ. वाढतं पिल्लू दिवसातून एकदा ते तीन-चारदा शी करतं. ती तपकिरी, ओलसर आणि आकार धरून असते, त्यामुळे तिला लिटर चिकटतं. बद्धकोष्ठ झालेल्या पिल्लाची शी म्हणजे कोरड्या, कडक, लहान लेंड्या. त्यांना लिटर फारसं चिकटत नाही. कधी वर रक्ताची बारीक रेघ दिसते. पिल्लू शांत असताना पोटाखालून अलगद हात फिरवला तर मागच्या बाजूला जपमाळेच्या मण्यांसारखे खडे बोटांना लागू शकतात. दाबून बघायचं मात्र नाही. आणखी एक फसवी खूण आहे. कडक गोळा आत अडकलेला असतो आणि त्याच्या कडेनं थोडं पातळ पाणी निसटतं. आपल्याला वाटतं जुलाब झाले, आणि आपण नेमका उलटा उपाय करतो.

हे होतं कशामुळे? बहुतेक वेळा पाणी कमी पडल्यामुळे. पाळीव मांजराचे पूर्वज आफ्रिकेतली आणि पश्चिम आशियातली रानमांजरं. कोरड्या मुलखातल्या या प्राण्यांना बरंचसं पाणी शिकारीतूनच मिळायचं, कारण उंदराच्या अंगात साधारण 70 टक्के पाणी असतं. त्यामुळे मांजराला तहान मुळातच कमी लागते. आपण त्याला जे कोरडं खाणं देतो त्यात पाणी जेमतेम 10 टक्के. पाऊचमधल्या ओल्या खाण्यात ते 75 ते 80 टक्के असतं. कोरडं खाणारं मांजर वाटीतलं पाणी जास्त पितं खरं, पण तूट नेहमीच पूर्ण भरून निघत नाही. मोठ्या आतड्याचं कामच मुळी उरलंसुरलं पाणी शोषून घेण्याचं. शी जितका वेळ आत राहील तितकी ती कोरडी होते. कोरडी झाली की बाहेर पडताना दुखते, दुखतं म्हणून पिल्लू रोखून धरतं, आणि रोखलं की ती आणखी वाळते. हे चक्र महिनोन्‌महिने चाललं तर आतडं ताणून ताणून सैल पडतं, आणि मग त्याचे स्नायू शी पुढे ढकलूच शकत नाहीत.

अगदी तान्ह्या पिल्लांची गोष्ट निराळी आहे. साधारण तीन आठवड्यांपर्यंत त्यांना स्वतःहून शी-शू करताच येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते. जिन्याखाली सापडलेली आईवेगळी पिल्लं दूध पिऊनही पोट फुगून मरतात, त्याचं हेही एक कारण असतं, आणि ते टाळता येण्यासारखं आहे. दूध पाजून झालं की कापूस कोमट पाण्यात बुडवून पिळायचा आणि शेपटीखाली आईच्या जिभेसारखा हलक्या हातानं, पण भराभर फिरवायचा. शू बहुधा लगेच होते, शीला थोडा वेळ लागतो.

खातंपितं आणि खेळतं पिल्लू एखाद्या दिवशी शी करत नसेल, तर घरच्या घरी पाणी वाढवून बघायला हरकत नाही. कोरड्या खाण्यावर कोमट पाणी घाला किंवा काही दिवस ओलंच खाणं द्या. चिकन उकडलेलं पाणी पिल्लं आवडीनं पितात. त्यात मीठ, कांदा, लसूण नको, कारण कांदा-लसूण मांजराला विषारी आहे. उकडून कुस्करलेला लाल भोपळा अर्धा चमचा खाण्यात मिसळता येतो. त्याला भरपूर खेळवा, ट्रे स्वच्छ ठेवा. पर्शियन पिल्लू असेल तर शेपटी उचलून बघाच. लांब केसांत शी वाळून तिथे बूच बसलेलं असतं आणि आतड्याचा काही दोषच नसतो.

दूध हा उपाय नव्हे, त्यानं जुलाब होतात. एरंडेल देऊ नका. तेल, तूप किंवा लिक्विड पॅरॅफिन बळेच तोंडात ओतलं तर ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. माणसांसाठी मिळणारा फॉस्फेटचा एनिमा तर मांजराचा जीव घेऊ शकतो. आणि शेपटीखाली दोरा लोंबताना दिसला, शिवणाचा असो की मांज्याचा, तर तो ओढायचा नाही. त्याचं दुसरं टोक जिभेखाली किंवा पोटात अडकलेलं असू शकतं. ओढलं की आतडं चुण्या पडून गोळा होतं आणि दोरा ते कापत जातो. असं पिल्लू थेट दवाखान्यातच न्या.

नसबंदीनंतर एक-दोन दिवस शी न होणं साहजिक आहे, कारण ऑपरेशनआधी पोट रिकामं ठेवलेलं असतं. एरवी दोन दिवस झाले, उलट्या सुरू झाल्या, पिल्लानं खाणं सोडलं किंवा पोट टणक लागलं, तर व्हेटकडे जा. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर दोन दिवसही थांबू नका. ते कधी गॅलरीतून पडलं असेल किंवा गाडीखाली सापडलं असेल, तर ती जुनी गोष्ट आठवणीनं सांगा. कमरेचं हाड वेडंवाकडं जुळलं की शीची वाटच अरुंद होते, आणि ते एक्स-रेमध्ये दिसतं. जंतांचं औषध शेवटचं कधी दिलं, तेही सांगा. व्हेट बहुधा सलाईन देऊन आधी अंगातलं पाणी भरून काढतात, गरज पडली तर कोमट पाण्याचा एनिमा देतात आणि घरी द्यायला लॅक्ट्युलोज लिहून देतात. हे सिरप आतड्यात पाणी धरून ठेवतं. त्याची मात्रा पिल्लाच्या वजनावर ठरते, आणि शी मऊ पण आकार धरून राहील अशा बेतानं व्हेटना विचारून ती कमी-जास्त करायची असते.